पाणी वाटणाऱ्या डोंगरावरून एकट्याची सायकल

वाचकहो, महाबळेश्वरच्या नद्या तुम्हांला ठाऊक आहेतच. कृष्णा पूर्वेला वळते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला उतरते आणि अरबी समुद्राला मिळते. पाणी कोणत्या समुद्राला जायचे ते डोंगराचा माथा ठरवतो. उत्तर अमेरिकेत हेच काम रॉकी पर्वत करतो. त्याच्या कडेकडेने, कधी माथा ओलांडत, कॅनडातील बॅन्फ गावापासून मेक्सिकोच्या सरहद्दीवरील अँटिलोप वेल्सपर्यंत सायकलची एक वाट जाते. बहुतेक वाट कच्ची. लांबी ४,३०० किलोमीटरांहून अधिक!

या वाटेवर २००८ साली ‘टूर डिव्हाइड’ नावाची शर्यत सुरू झाली. जून महिन्यात स्वार बॅन्फहून निघतात. प्रवेश फी नाही, बक्षीसही नाही. नियम मात्र कडक. प्रत्येकाने आपले आपण जायचे. वाटेतल्या दुकानातून भाकरतुकडा विकत घ्यावा, कारण दुकान सर्वांना खुले आहे. पण भावाने जीपमध्ये डबा घेऊन पुढे उभे राहायचे नाही.

मग अशा शर्यतीची तयारी कशी करतात? नुसते पाय मजबूत करून भागत नाही. समजा, तुम्हीच निघालात. अंथरूण, पावसाळी कपडे, दिवा, पंक्चरचे सामान, चेन जोडायची कडी, सारे सायकललाच बांधायचे. हे ओझे लादून आधी घराजवळच्या चढावर महिनोन्‌महिने सराव करायचा. भर पावसात, अंधारात, गारठलेल्या बोटांनी टायर काढून बसवायला शिकायचे. कोलोराडोतील इंडियाना खिंड सुमारे ३,६३० मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. तिथे हवा विरळ, दम लवकर लागतो.

उत्तरेकडे अस्वलांची वस्ती. म्हणून खाण्याचे जिन्नस झोपायच्या जागेपासून दूर ठेवायचे आणि तिखटाच्या अर्काचा फवारा हाताशी ठेवायचा. वायोमिंगमध्ये एक खोलगट माळ आहे. तिथे पडलेले पाणी कोणत्याच समुद्राला जात नाही, तिथेच आटते. तो माळ ओलांडताना पाणी भरून न्यावे लागते. न्यू मेक्सिकोत पाऊस झाला, तर चिकण माती चाकाला अशी लपेटते की चाक फिरतच नाही. काळ्या रानात गाडी रुतल्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. सायकल खांद्यावर घ्यायची, नाहीतर वाट सुकेपर्यंत थांबायचे.

लेल विल्कॉक्स या तरुणीने २०१५ साली अलास्कातील अँकरेजहून बॅन्फपर्यंतचा प्रवासही सायकलनेच केला. हीच तिची तयारी! शर्यतीत तिला श्वासाचा त्रास झाला, तरी तिने ती पुरी केली. त्याच ऑगस्टमध्ये ती पुन्हा एकटी निघाली आणि साडेपंधरा दिवसांच्या आत पोचली.

पण प्रत्येक वेळी शेवट गोड होत नाही. २०१० साली कोलोराडोत वाहनाशी टक्कर होऊन या शर्यतीतला एक स्वार दगावला. आता स्वारांजवळ ठिकाण कळवणारे छोटे यंत्र असते. घरची मंडळी नकाशावर त्याचा ठिपका पाहत बसतात. ठिपका थांबला की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. म्हणून शहाणा स्वार निघण्यापूर्वीच मनाशी ठरवतो, की ताप आला, छाती भरली किंवा झोपेने डोळे मिटू लागले, तर थांबायचे.

आपल्याला काही रॉकी पर्वत ओलांडायचा नाही. पण घरचे पोर सायकलवर एकटे लांबच्या गावी निघाले, तर त्याला पंक्चर काढता येते का, पाणी बरोबर आहे का, ब्रेक लागतात का, एवढे पाहा. कोणत्या वाटेने जाणार, किती वाजता पोचणार, हे विचारून ठेवा. आणि सांगा, “बाळा, जमले नाही तर मागे फिर. कोणी हसणार नाही.” एवढे ऐकून निघालेला मुलगा रस्त्यात उगाच जिद्दीला पेटत नाही.