वैनगंगेकाठची काटकसर

आमच्या आईचे माहेर बालाघाटचे. तिकडे आता आपले म्हणावे असे कोणी उरलेले नाही. तरीही वैनगंगा एकदा डोळे भरून पाहावी, एवढीच तिची इच्छा होती. ती इच्छा आम्ही ‘पुढच्या वर्षी’ म्हणत सहा वर्षे ढकलत आणली. दर वेळी कारण एकच, खर्च. आई ब्याऐंशीची झाली तेव्हा मात्र पुढच्या वर्षाची भाषा आपोआप बंद पडली आणि गेल्या फेब्रुवारीत आम्ही जबलपूरहून निघालो.

खर्चाची वही माझ्याकडे होती. धाकट्या भावाची सात आसनी गाडी, तीत आम्ही सहा जण. काटकसरीचा पहिला धडा हाच की गाडी भरलेली असावी. दोघांनाच जायचे असेल तर आगगाडीला तोड नाही. आईच्या आठवणीतली धूर सोडणारी छोटी लाइन २०१५ साली बंद झाली; आता गोंदिया ते जबलपूर मोठी लाइन झाली आहे. आम्ही जाताना सिवनीवरून आणि परतताना बैहर, मुक्की, मंडला असा मार्ग धरला. त्यामुळे एकच रस्ता दोनदा तुडवावा लागला नाही आणि त्याच पेट्रोलात दुप्पट मुलूख पाहून झाला. महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी गोंदिया सोडण्यापूर्वी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या पेट्रोलच्या दरांची चौकशी करावी. दोन राज्यांचे कर निराळे, म्हणून दरही निराळे.

वहिनींनी दशम्या, लसणाची चटणी, मेतकूट आणि पाण्याचे दोन मोठे कॅन बरोबर घेतले होते. सकाळचा चहा तेवढा विकत, दुपारचे जेवण झाडाखाली. चार दिवसांत हॉटेलचे बिल दोनदाच झाले आणि कोणाचे पोटही बिघडले नाही.

गावाच्या अलीकडे वैनगंगेचा पूल लागतो. पूल ओलांडून आम्ही घाटावर उतरलो. आईने ओंजळीत पाणी घेतले, तोंडावरून ओला हात फिरवला आणि म्हणाली, “पाणी कमी झालंय. पण वास तोच आहे.” मग ती बराच वेळ बोलली नाही. या गावाचे जुने नाव बूढा. १८६७ साली जिल्हा झाला, आणि घाटांवरचा प्रदेश म्हणून बालाघाट हे नाव रूढ झाले. आईच्या बालपणी, १९५६ पर्यंत, राजधानी नागपूरच होती. कचेरीचे, शाळेचे, नात्यागोत्याचे सारे धागे तिकडेच जुळलेले. या भागात मराठी घरे इतकी का, याचे उत्तर त्यातही आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारासिवनीला गेलो. तेथे हातमाग अजून चालतात. एका विणकराच्या घरी सौ.ने सुती साडी पसंत केली. त्याने अठराशे सांगितले. मी वहीच्या धुंदीत होतो. घासाघीस करून सोळाशेवर आणले. रात्री लॉजवर हिशेब मांडताना मी मोठ्या समाधानाने वाचून दाखविले, “वारासिवनी, बचत दोनशे.”

आईने विचारले, “ती साडी विणायला त्याला किती दिवस लागले, विचारलेस?”

मी विचारले नव्हते. तिने विचारले होते. तीन दिवस, शिवाय बायकोने केलेली ताण्याची तयारी निराळी.

“दशम्या खाल्ल्या, ती बचत,” आई म्हणाली. “साधी खोली घेतली, ती बचत. हे दोनशे तू वाचवले नाहीस. घेतलेस.”

त्यावर कोणी काही बोलले नाही. सकाळी भावाने न विचारता गाडी पुन्हा वारासिवनीकडे वळविली. जाऊन-येऊन तेहतीस किलोमीटर. पेट्रोलच दोनशेहून अधिक लागले. विणकर घरी नव्हता. मी पैसे पुढे केले, तेव्हा त्याच्या बायकोने हात मागे घेतला. “सौदा झाला बाबा. आता कशाचे पैसे?” तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला अधिक लाज वाटली. ते दोनशे रुपये अखेरपर्यंत परत करता आले नाहीत. शेवटी आईने दोन पंचे मागितले आणि सांगितलेल्या किमतीला, एक शब्द न बोलता, घेतले.

तेथून बैहरचा घाट चढलो. वाटेत गांगुलपाऱ्याच्या तलावाकाठी राहिलेल्या दशम्या संपविल्या. मुक्की हे कान्हाचे बालाघाट जिल्ह्यातील प्रवेशद्वार. येथे खर्च टाळता येत नाही, वाटून घेता येतो. जिप्सीत सहा प्रवासी बसतात. आम्ही नेमके सहा होतो. परवाना आधी काढून ठेवावा, कारण आयत्या वेळचा प्रवास सर्वांत महाग. बुधवारी दुपारची फेरी नसते, पावसाळ्यात गाभा बंद असतो, हे तारखा ठरवतानाच पाहावे. हात आखडता असेल त्यांना बफर क्षेत्रातील फेरी स्वस्त पडते.

वाघ दिसला नाही. बारशिंगे मात्र कळपाने दिसले. १९७० च्या सुमारास या जातीची येथे अवघी सहासष्ट जनावरे उरली होती. आज ती शेकड्यांनी आहेत. आमच्या वाटाड्याने आईला जिप्सीत चढायला उतरायला हात दिला. त्याला ठरलेल्या पैशांवर काय द्यावे, हे त्या दिवशी मी वहीत पाहून ठरविले नाही.

घरी भेट म्हणून आम्ही शोभेची वस्तू आणली नाही. बालाघाटचा चिन्नोर तांदूळ आणला. २०२१ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. शेजारीपाजारी वाटीवाटीने दिला. आमच्या खिरीचा वास जिन्यापर्यंत गेला.

वही अजून माझ्याकडे आहे. ‘बचत दोनशे’ ही ओळ मी खोडलेली नाही. तिच्याखाली आईच्या थरथरत्या अक्षरात एवढेच आहे: “पंचे दोन. पूर्ण किंमत.” सहलीचा एकूण खर्च आम्ही ठरविल्यापेक्षा थोडा कमीच आला. सहा वर्षांपूर्वी गेलो असतो तरी तो आम्हाला जड गेला नसता. त्या वेळी आई पाण्यापर्यंत आपल्या पायांनी उतरली असती.