मोडीत निघालेली खुर्ची

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविलेल्या माणसाचे घरसामान बहुधा सरकारीच असते. गाव बदलते, क्वार्टर बदलते; परंतु टेबल, खुर्ची, कपाट आणि त्यांच्या अंगावरचे रंगवलेले आकडे सगळीकडे भेटतात. येताना यादीवर सही करायची, जाताना पुन्हा सही करून मोकळे व्हायचे. ज्या खुर्चीवर आपण वर्षानुवर्षे बसलो, तिच्याकडे आपण कधी पाहिलेले नसते. मीही पाहिले नव्हते, आणि त्याची रुखरुख मला आजही आहे.

१९९६ साली मी चंडीगढला होतो. एका कार्यालयाच्या निर्लेखन समितीत माझे नाव घातले गेले. गच्चीवर पावसात भिजलेल्या खुर्च्यांचा ढीग पडला होता. वेत फाटलेले, सांधे खिळखिळे; पाय मात्र उघडलेल्या कंपासासारखे तिरके आणि ताठ. डेडस्टॉकच्या नोंदवहीत त्यांची किंमत अगदीच किरकोळ होती. आम्ही तिघांनी अर्ध्या तासात ढीग मोजला, ‘दुरुस्तीपलीकडे’ असा शेरा मारला आणि सह्या केल्या. माल सरपणाच्या भावाने गेला.

पुढे काही दिवसांनी एका भंगारवाल्याच्या दाराशी त्यांतलीच एक खुर्ची उलटी टांगलेली दिसली. उलटी होती म्हणूनच तिची बांधणी प्रथम माझ्या डोळ्यांत भरली. सगळे लाकूड भरीव सागवान. एका तुकड्याचे टोक दुसऱ्याच्या खाचेत असे बसविलेले, की फट शोधावी लागावी. पावती करून मी ती घरी आणली.

तिचे कूळ मला मागाहून वाचनातून कळले. १९५१ साली नव्या राजधानीच्या कामासाठी ल कॉर्ब्युझिए आला, त्याच्याबरोबर त्याचा नात्यातला भाऊ पिएर जान्नरेही आला. मोठा भाऊ येऊन-जाऊन असे. जान्नरे मात्र १९६५ पर्यंत तेथेच राहिला. १९६७ साली तो जिनिव्हात वारला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थी सुखना तलावात विसर्जित झाल्या. सचिवालय, न्यायालय, विद्यापीठ यांना हजारो खुर्च्या-टेबले हवी होती. त्याने आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी आराखडे केले. सागवान आणि वेत हे येथलेच साहित्य घेतले. आणि निरनिराळ्या कारखान्यांतील सुतारांनी ती हातांनी घडविली. म्हणूनच एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या, तर त्या भावंडांसारख्या दिसतात, जुळ्यांसारख्या नव्हे.

दुरुस्तीसाठी बोलावलेल्या सुताराने आल्याआल्याच पॉलिशपेपर काढला. ‘‘नवी करून देतो, साहेब,’’ तो म्हणाला. मी मान डोलावणार, इतक्यात वेत विणण्यासाठी आलेल्या मास्टरजींनी त्याला थांबविले. मास्टरजी अंध होते. सरकारी कचेऱ्यांतून खुर्च्या विणण्याच्या कामावर अंध कारागीर नेमीत, हे आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. त्यांतलेच ते एक. त्यांची बोटे पाठीवरच्या जाड रंगाच्या आकड्यांवर थांबली होती. ‘‘घासू नका, साहेब. हिचे नाव जाईल.’’

मग त्यांनी दोन्ही हात चाचपले. ‘‘डावा अधिक झिजला आहे. हिच्यावर बसून कोणी पुष्कळ लिहिले आहे. लिहिणारा डाव्या कोपरावर भार देतो.’’

खुर्ची पारखण्याचा पहिला धडा मला तेथे मिळाला. रंगाचा आकडा कोणीही काढू शकतो. झीज मात्र माणसाच्या अंगाच्या सवयीने होते, ती नेमक्या जागी पाडता येत नाही. दुरुस्तीचा धडाही तोच: वेत हा फाटण्यासाठीच असतो, तो बदलावा, लाकडावर साचलेला काळ मात्र खरवडू नये. सुताराने सांधे उकलून पुन्हा सरसाने बसविले, कारण सरस पुढच्या कारागिराला उष्णतेने आणि ओलाव्याने सोडविता येतो. मास्टरजींनी वेत भिजवून विणला. सुकल्यावर तो आपोआप ताणून बसला.

मध्यंतरी अशा खुर्च्या परदेशांतील लिलावांत लाखांनी विकल्या जाऊ लागल्या. १९७२ चा पुरावस्तू कायदा अशा वस्तूंना शंभर वर्षांची अट घालतो. त्यात या बसत नव्हत्या. अखेर २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने त्यांच्या रक्षणासाठी आदेश काढला. पुढे एक व्यापारी माझ्याकडे आला. खुर्ची उलटी करून त्याने पुष्कळ वेळ पाहिली आणि माझ्या वर्षभराच्या पेन्शनीहून मोठा आकडा सांगितला. फक्त ती रीतसर लिलावातूनच बाहेर पडली, असा कागद त्याला हवा होता. निर्लेखनाच्या यादीची कार्बन प्रत माझ्यापाशी होती. ‘दुरुस्तीपलीकडे’ या शेऱ्याखाली माझी सही होती. जिने ही खुर्ची कवडीमोल ठरविली, तीच सही आता तिची किंमत वाढविणार होती!

मी नकार दिला, तो काही उदात्त भावनेने नव्हे. त्या कागदाकडे पाहताना मला एवढेच जाणवले, की आमच्या नोंदवहीत संख्या, तारीख आणि किंमत यांचे रकाने होते, करणाऱ्याचा नव्हता. परदेशच्या लिलावांत जान्नरेचे नाव आले, परंतु तेथेही ज्याने पटाशी चालविली त्याचा रकाना नाहीच.

आज ती खुर्ची माझ्या लिहिण्याच्या मेजाशी आहे. तिच्या बुडाला, आकड्यांना धक्का न लावता, मी एक चिठ्ठी चिकटविली आहे. वेत कोणी विणला, सांधे कोणी बसविले, साल कोणते, हे तीत लिहिले आहे. सर्वांत वरची ओळ मूळ सुतारासाठी आहे. ती कोरी सोडली आहे.