मावळी घोंगडी आणि परदेशी पाऊस

कार्ल्याच्या खाचरांत भाताच्या आवणीला पूर्वापार पाठीवर घेतले जाणारे इरले, म्हणजे बांबूच्या कामट्यांत पाने बसवून केलेले आच्छादन, पाणी बाहेरच अडवते, तर डोक्यावरून खोळ करून घेतलेली घोंगडी ओलसर झाली तरी ऊब राखते; नॉर्वेतील बर्गनसारख्या थंड, पावसाळी शहरासाठी सामान बांधतानाही कामांची हीच विभागणी पाळावी. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही फारशी ओली लागत नाही, उलट सुती कापड भिजताच अंगाला चिकटून शरीराची उष्णता ओढून घेते, म्हणून सुती बनियन, कितीही अंगवळणी पडलेले असले तरी, घरीच ठेवणे श्रेयस्कर. अंगालगत लोकर, वर वारा-पाणी रोखणारे जाकीट आणि पायमोज्यांचे जादा जोड यांवर सढळ खर्च करावा. छत्री समुद्राकडच्या वाऱ्यात फारशी टिकत नाही.