झपाटलेले अंतराळयान आणि जहाजाची रोजनिशी

१/
आजच्या धाग्याचा विषय इतिहासाच्या वर्गात सहसा येत नाही: झपाटलेल्या अंतराळयानांचे भयपट. 'एलियन' (१९७९), 'इव्हेंट होरायझन' (१९९७), 'सनशाइन' (२००७) हे चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी दिवे मालवून पाहिले असतील. मीही पाहिले. पुढे जहाजांच्या इतिहासाचे वाचन सुरू झाले आणि तेच चित्रपट मला वेगळे दिसू लागले. त्यांतले भूत समुद्रावरून अवकाशात गेले आहे आणि त्याचा उगम जहाजाच्या रोजनिशीत, म्हणजे लॉगबुकात आहे, असे मला वाटते. ते कसे, हे क्रमाने मांडते.

२/
प्रथम या कथांची बांधणी पाहू. एक यान बेपत्ता झालेले असते. काही वर्षांनी त्याचा संकेत येतो. दुसरे यान शोधाला जाते. आत दिवे मंद, माणसे गायब, आणि उरते ती एक अर्धवट नोंद. 'इव्हेंट होरायझन'मध्ये २०४० साली नाहीसे झालेले यान २०४७ साली नेपच्यूनजवळ पुन्हा प्रकटते. 'सनशाइन'मध्ये सात वर्षांपूर्वी हरवलेले 'इकॅरस' सापडते आणि त्याच्या कप्तानाचा मुद्रित संदेशही. भूत दिसण्याच्या कितीतरी आधी नोंद सापडते. अभिलेखागारात बसणाऱ्या माणसाला हा क्रम ओळखीचा वाटतो.

३/
'इव्हेंट होरायझन'मधला एक धागा तर साधन-चिकित्सेचा धडा म्हणून शिकवावा. शेवटच्या ध्वनिमुद्रणात किंकाळ्यांमधून एक लॅटिन वाक्य ऐकू येते. पथकातला डॉक्टर त्याचा अर्थ 'मला वाचवा' असा लावतो. त्या अर्थावर विसंबून मंडळी यानात शिरतात. बऱ्याच उशिरा त्याच्या लक्षात येते, की मधले काही शब्द गोंगाटात बुडाले होते. मूळ वाक्याचा आशय 'या नरकातून स्वतःला वाचवा' असा होता. विनवणी समजून वाचलेला दस्तऐवज प्रत्यक्षात इशारा निघतो. फाटक्या कागदावरची पुसट ओळ वाचताना मला हा प्रसंग नेहमी आठवतो.

४/
आता मागे जाऊ. डिसेंबर १८७२. अझोर्स बेटे आणि पोर्तुगाल यांच्या दरम्यान 'देइ ग्रात्सिया' या जहाजाला 'मेरी सेलेस्ट' भरकटताना आढळले. कप्तान, त्याची पत्नी, लहानगी मुलगी आणि सात खलाशी अशी दहा माणसे त्यावर होती. एकही सापडले नाही. अल्कोहोलची १,७०१ पिंपे मात्र जहाजाच्या पोटात होती. जीवनौका गेलेली. नोंदीच्या पाटीवर शेवटची तारीख २५ नोव्हेंबर. पुढचे सारे कोरे. जिब्राल्टरच्या न्यायालयात चौकशी झाली ती प्रामुख्याने एका प्रश्नाभोवती: बेवारस जहाज सोडवून आणणाऱ्यांना किती मोबदला द्यायचा?

५/
कोऱ्या जागेत कल्पना शिरतेच. १८८४ साली तरुण आर्थर कॉनन डॉयलने या घटनेवर कथा लिहिली आणि जहाजाचे नाव 'मारी सेलेस्ट' असे बदलले. लोकांच्या तोंडी आजही पुष्कळदा तेच चुकीचे नाव असते. १८८५ मध्ये 'दिमित्री' हे रशियन जहाज इंग्लंडच्या व्हिटबी बंदरापाशी किनाऱ्याला लागले. ब्रॅम स्टोकरने त्यावरून आपल्या 'ड्रॅक्युला'त (१८९७) 'डिमीटर' हे जहाज घडवले. सुकाणूला स्वतःला बांधून घेतलेला मृत कप्तान आणि त्याची रोजनिशी. एकेक खलाशी नाहीसा होतो आणि नोंद मात्र चालू राहते. आजच्या अंतराळ-भयपटाचा आराखडा इथे जवळजवळ पूर्ण आहे.

६/
समुद्रावरून अवकाशात जाणारा हा प्रवास नावांवरूनही कळतो. ए. ई. व्हॅन व्होट यांच्या १९५० च्या पुस्तकातील यानाचे नाव 'स्पेस बीगल'. डार्विनच्या जहाजाची आठवण उघड आहे. १९५८ च्या 'इट! द टेरर फ्रॉम बियाँड स्पेस'मध्ये मंगळावरून परतणाऱ्या यानात एक हिंस्र प्राणी लपून येतो. मारिओ बाव्हाच्या १९६५ च्या इटालियन चित्रपटात अंतराळवीर एका बेवारस यानात शिरतात आणि तिथे त्यांना महाकाय सांगाडे दिसतात. या साऱ्या वाटा रिडली स्कॉटच्या 'एलियन'मध्ये येऊन मिळतात.

७/
'एलियन' इतरांहून वेगळा ठरतो तो त्यातल्या माणसांमुळे. ती वीर वा शास्त्रज्ञ नाहीत. मालवाहू यानावरची पगारी माणसे आहेत. 'नॉस्ट्रोमो' दोन कोटी टन खनिज ओढून नेत आहे आणि त्यावर सात जण आहेत. खालच्या मजल्यावरचे पार्कर आणि ब्रेट सुरुवातीपासून आपल्या कमी हिश्श्याबद्दल कुरकुरतात. अनोळखी संकेताकडे जायचे त्यांच्या जिवावर येते. तेव्हा त्यांना कराराचे कलम ऐकवले जाते: तपास केला नाही तर सगळा हिस्सा जप्त. म्हणजे राक्षसाच्या गुहेत त्यांना कुतूहलाने नेलेले नाही, कराराने नेले आहे.

८/
चित्रपटातले सर्वांत भयंकर दृश्य माझ्या मते राक्षसाचे नाही. कप्तान गेल्यावर रिप्ली यानाच्या संगणकासमोर बसते. तिला सांगितले जाते, की ही माहिती फक्त विज्ञान-अधिकाऱ्यासाठी आहे. ती कप्तानाचा अधिकार वापरून कुलूप उघडते आणि कंपनीचा खरा आदेश वाचते: तो जीव परत आणणे हे पहिले काम, बाकी सर्व दुय्यम, माणसे गेली तरी चालतील. छोटीशी खोली, पडद्यावरची हिरवी अक्षरे, आणि आपले नाव कुठल्या रकान्यात घातले आहे हे कळलेली एक कर्मचारी. अभिलेखागार चित्रपटात इतके अचूक क्वचितच आले असेल.

९/
हा आदेश लेखकांना हवेतून सुचलेला नाही, असे इतिहास वाचताना वाटते. १७८१ साली 'झाँग' या गुलामवाहू जहाजावरून १३० हून अधिक आफ्रिकी माणसांना जिवंत समुद्रात फेकण्यात आले. पाणी अपुरे होते, असे कारण पुढे झाले. मालकांनी विम्याचा दावा केला: माणशी ३० पौंड. १७८३ मध्ये हे प्रकरण लंडनमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यासमोर आले ते खुनाचा खटला म्हणून नव्हे, विम्याचा वाद म्हणून. आणि जहाजाची रोजनिशी? ती गहाळ झाली होती. मालाची किंमत कागदावर उरली; त्या माणसांची नावे उरली नाहीत.

१०/
शतकभरानंतर ब्रिटनमध्ये 'शवपेटी जहाजे' हा शब्द रूढ झाला: जुनी, मर्यादेपलीकडे भरलेली, पण भरपूर विमा उतरवलेली जहाजे. बुडाली तरी मालकाचे नुकसान नाही. एकदा करारावर सही केली, की जहाज कितीही मोडकळीस आलेले दिसो, चढायला नकार देणाऱ्या खलाशाला तुरुंगात धाडता येई. सॅम्युअल प्लिम्सॉल यांच्या लढ्यामुळे १८७६ चा कायदा झाला आणि जहाजाच्या अंगावर भाररेषा आली. पार्कर आणि ब्रेट यांची कुरकुर ऐकताना हे खलाशी डोळ्यांपुढे आणा. अंतर फक्त इंधनाचे आहे.

११/
आता नावाकडे येऊ. 'नॉस्ट्रोमो' हे नाव जोसेफ कॉनरॅडच्या १९०४ च्या कादंबरीवरून घेतले आहे. तिचा नायक मालकांची चांदी वाचवण्यासाठी राबवला जातो. इटालियन भाषेत या शब्दाचा रूढ अर्थ खलाशांचा मुकादम; आपल्या किनाऱ्यावरच्या जहाजी बोलीत सांगायचे तर सारंग. रिप्ली ज्या छोट्या यानातून निसटते त्याचे नाव 'नार्सिसस'. तेही कॉनरॅडचेच, १८९७ च्या कादंबरीतील जहाजाचे. ती कादंबरी सुरू होते मुंबई बंदरात. आणि हे जहाज काल्पनिक नव्हते: १८८४ साली कॉनरॅड स्वतः मुंबईत 'नार्सिसस'वर अधिकारी म्हणून चढला आणि डंकर्कपर्यंत गेला.

१२/
म्हणजे सिनेमातल्या सर्वांत प्रसिद्ध सुटकेच्या यानाचे नाव मुंबईच्या धक्क्यावरून निघालेल्या एका शिडाच्या जहाजाचे आहे. हे कळल्यावर मी त्या काळातल्या धक्क्याविषयी वाचू लागले. ब्रिटिश आगबोटींवर हजारो हिंदी खलाशी होते. कागदोपत्री त्यांना 'लष्कर' म्हणत. मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडची माणसे, भटारखान्यात आणि सलूनमध्ये गोवेकर, बॉयलरपाशी पंजाबकडची, अशी विभागणी पुष्कळदा असे. त्यांचे करारनामे वेगळे, राहण्याची जागा अपुरी, पगार युरोपीय खलाशाच्या तुलनेत फारच थोडा. सारंग, तांडेल, खलाशी: अख्खा तांडा मोजला जाई. माणूस क्वचितच.

१३/
इथे माझ्या घरातली एक गोष्ट सांगते. माझ्या पणजोबांचे धाकटे बंधू दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बोटीवर गेले. कोणत्या, ते घरात कुणालाच सांगता येत नाही. आजी त्यांच्याविषयी एवढेच म्हणे, "ते बोटीवर गेले हो." हे वाक्य ती भूतकाळात सुरू करी, पण त्याचा शेवट कधी होत नसे. मृत्यूची तिथी नाही, म्हणून त्यांचे पान आमच्याकडे सर्वपित्री अमावास्येला वाढले जाते. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठीच तो दिवस राखलेला आहे. लहानपणी मला तो केवळ सोपस्कार वाटे. आता वाटते, की रोजनिशीत ज्यांची नोंद झाली नाही त्यांच्यासाठी आपल्या पंचांगाने एक रकाना मोकळा ठेवला आहे.

१४/
मुंबईत मस्जिद बंदर भागात भारतीय खलाशांचे वसतिगृह आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या २,००० हून अधिक खलाशांचे स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धातील नौदलाच्या आणि व्यापारी जहाजांवरच्या सुमारे ६,५०० जणांची नावे एका ग्रंथात नोंदलेली आहेत. त्याची एक प्रत मुंबईत, दुसरी चितगावला. या माणसांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही. लाटांनी पुसून टाकलेल्या माणसांसाठी नावांची यादी हेच थडगे होते. गेटवे पाहायला जाणाऱ्या हजारोंपैकी किती जण तिकडे वळतात, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडते.

१५/
आता 'एलियन'चा शेवट पुन्हा पाहा. राक्षस बाहेर फेकला गेला आहे. रिप्ली लगेच झोपत नाही. ती ध्वनिमुद्रक सुरू करते आणि अहवाल देते: कोण कोण मेले, त्यांची नावे एकेक करून, मग स्वतःचे नाव, शेवटची वाचलेली म्हणून. आदेशात जी माणसे 'गेली तरी चालतील' अशी होती, त्यांना रोजनिशीत नावानिशी परत आणणारी ही नोंद एका कर्मचाऱ्याने केलेली आहे. एवढे झाल्यावरच ती झोपते. भूत उतरवण्याचा विधी तो हाच, असे मला वाटते.

१६/
आणि कंपनी काय करते? १९८६ च्या 'एलियन्स'मध्ये रिप्ली ५७ वर्षांनी सापडते. चौकशी मंडळापुढे ती घडलेले सांगते. मंडळाला आधी हवा असतो हिशेब: नष्ट झालेल्या यानाची किंमत चार कोटी वीस लाख डॉलर. तिच्या जबानीला पुरावा नाही, असे ठरते आणि तिचा परवाना जातो. 'मेरी सेलेस्ट'ची जिब्राल्टरमधली चौकशी, 'झाँग'चा लंडनमधला दावा आणि हे काल्पनिक मंडळ शेजारी ठेवून पाहा. मेजावर प्रथम मांडली जाते ती जहाजाची आणि मालाची किंमत.

१७/
भयपट बाष्कळ असतात, इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यांत वेळ दवडू नये, असे मला अनेकांनी ऐकवले आहे. त्यांना माझे उत्तर इतकेच: झपाटलेले यान म्हणजे ज्याचा हिशेब पुरा झालेला नाही असे यान. मालाचा हिशेब होतो, माणसांचा राहून जातो, आणि राहिलेला भाग अंधाऱ्या मार्गिकांमधून चालू लागतो. त्याला आपण भूत म्हणतो. ऐतिहासिक साधनांतल्या मौनाचाही स्वभाव असाच असतो. ते शांत बसत नाही. कधी लोककथेत, कधी सिनेमात, कधी अमावास्येच्या पानावर येऊन बसते.

१८/
शेवटी एक विनंती. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या जुन्या वाड्यांत आणि चाळींत अनेक घरांत कुणीतरी 'बोटीवर' होते. तुमच्याही घरात असेल, तर जुन्या ट्रंकेतले डिस्चार्ज बुक, परदेशी बंदराचा शिक्का असलेले पाकीट, सारंगाबरोबर काढलेला फोटो शोधा. मागच्या बाजूला नाव, गाव, वर्ष लिहून ठेवा. थोरांना विचारा आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. अर्धवट वाक्यही तसेच लिहा. या धाग्याखाली तुम्ही ती नावे लिहिलीत, तर मी त्यांची एक यादी करीन. पहिले नाव माझ्या पणजोबांच्या बंधूंचे असेल.