ठिपके आणि अकरावीचं गणित

गेल्या वर्षी मी अकरावीत होते. म्हणजे प्रवेश आमच्या नातीने घेतला होता, सायन्सला. पण अभ्यास दोघींनी मिळून केला. ती कॉलेज आणि क्लास करून दमून यायची, जेवायची आणि माझ्या खोलीत वही उघडून बसायची. तिचं म्हणणं असं, की आजीला समजावून सांगितलं की आपलं पक्कं होतं. आणि आजी झोपत नाही, हाही एक फायदा!

माझं गणित म्हणाल तर मी १९६८ ची अकरावी मॅट्रिक. आमच्या शाळेत मुलींना बीजगणित-भूमिती सोडून सोपं गणित घेण्याची सोय होती. मला खरं तर भूमिती आवडायची. घरी तसं म्हटल्यावर वडील हसून म्हणाले, "का, रँग्लर परांजपे व्हायचंय का तुला?" परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या परीक्षेत पहिले आले, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. तेव्हापासून पुण्यात गणितातल्या हुशारीचं माप म्हणजे रँग्लर. वडिलांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण माझी भूमिती तिथेच संपली. पुढे मराठी घेऊन बी.ए. झाले, बी.एड. केलं आणि आयुष्यभर मराठी शिकवलं. त्याची खंत नाही, मराठी मला मनापासून आवडतं. असो.

तर नातीचं पुस्तक. बालभारतीचंच, पण सायन्सचं म्हणून इंग्रजीतून. पहिले पंधरा दिवस मी नुसती चित्रं पाहत होते. मग त्रिकोणमितीत 'साइन' आला आणि मला एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. कारण हा शब्द आपल्याकडचा. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा तुकडा हे धनुष्य आणि त्याची दोन टोकं जोडणारी रेघ ही ज्या. आर्यभटाने त्या दोरीच्या अर्ध्या भागाचं कोष्टक दिलं. ज्या किंवा जीवा हा शब्द अरबीत 'जिबा' झाला. अरबी लिहिताना स्वर गाळतात, त्यामुळे पुढच्या लोकांनी तो 'जैब' असा वाचला. जैब म्हणजे अंगरख्याचा खोलगट भाग. लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर 'सायनस' झालं आणि त्यातून साइन. एका वाचनातल्या चुकीमुळे धनुष्याची दोरी अंगरख्याची घडी झाली! हे नातीला सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही." तेवढ्यापुरती मी बाई आणि ती विद्यार्थिनी.

खरी गंमत पुढे, दुसऱ्या भागातल्या गणिती विगमनाच्या धड्यात आली. उदाहरण होतं विषम संख्यांच्या बेरजेचं. १ आणि ३ मिळून ४. त्यात ५ मिळवले की ९. मग ७ मिळवले की १६. दर वेळी वर्गसंख्याच येते. मी म्हटलं, थांब, हे तर मी लहानपणापासून रोज पहाटे अंगणात करत आलेय. एक ठिपका काढा. त्याच्या शेजारी एक, वर एक आणि कोपऱ्यात एक, असे ३ ठिपके मांडा की दोन बाय दोनचा चौकोन होतो. त्याला दोन बाजूंनी ५ ठिपके लावले की तीन बाय तीन. रांगोळी तर आम्ही अशीच वाढवायचो.

"पण आजी, हे कायम होईल कशावरून?"

हा प्रश्न मला साठ वर्षांत पडला नव्हता. तिने तो कागदावर सोडवून दाखवला. समजा पहिल्या क विषम संख्यांची बेरीज क चा वर्ग आहे. पुढची विषम संख्या म्हणजे क ची दुप्पट अधिक १. ती मिळवली की बरोबर क अधिक १ चा वर्ग होतो. म्हणजे एक चौकोन झाला की पुढचा होणारच आणि पहिला तर झालेलाच आहे. मी वही जवळ ओढली आणि न बघता पुन्हा लिहून काढलं. आलं! क ची दुप्पट म्हणजे दोन बाजूंचे ठिपके आणि तो अधिक १ म्हणजे कोपऱ्यातला ठिपका. त्या रात्री मला खरोखरच झोप लागली नाही.

नात म्हणाली, "सीईटीला हे लागत नाही गं. तिथे ९० मिनिटांत ५० प्रश्न, पर्याय निवडायचे." तिचंही खरं आहे. तिच्यापुढे परीक्षा आहे, माझ्यापुढे नाही.

आता जे सांगायचं म्हणून लिहायला बसले ते सांगते. दहावीची पहिली बोर्ड परीक्षा १९७५ साली झाली आणि मग दहावीनंतर कुठे जायचं हे विचारायला पालक आम्हा वर्गशिक्षकांकडे येऊ लागले. एका वर्षी एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीला सायन्सला जायचं होतं. गणितात मार्क बरे होते, फार नव्हते. मी म्हटलं, "कशाला त्या गणिताच्या मागे लागता? मराठी छान आहे तिचं, आर्ट्सला घाला." दोन मिनिटांत विषय संपला. मुलगी काही बोलली नाही. मीही तेव्हा बोलले नव्हते.

काही वर्षांपूर्वी ती मंडईत भेटली. वाकून नमस्कार केला. म्हणाली, "बाई, तुमच्यामुळे मी मराठी घेतलं." अगदी मनापासून म्हणाली, कुरकुर कुठलीच नाही. मी हसले, मुलांची चौकशी केली आणि भाजी घेऊन घरी आले. तिला गणित झेपलं असतं की नाही, मला माहीत नाही. पण मी तिला एकही प्रश्न विचारला नव्हता, एवढं माहीत आहे. वडिलांचं ते वाक्य मी वेगळ्या शब्दांत पुढे दिलं होतं.

चाळीसगावजवळच्या पाटण्याला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला, असं त्यात कोरलंय. तिथे आजोबांचं गणित नातवाने पुढे नेलं. आमच्या घरी नातीचं गणित आजीकडे येतंय, उलटी गंगा.

नात आता बारावीत आहे आणि आमचं संकलन सुरू झालंय. मला अजून जमत नाही. पण ती मंडईतली मुलगी पुन्हा भेटली, तर या वेळी तिला विचारणार आहे, "तुला तेव्हा गणित आवडायचं का गं?"