ब्रेक चाकाला, आधार जमिनीचा

वर्धा जिल्ह्याचा नकाशा समोर घेतला, तर पूर्वेच्या बाजूने उत्तर-दक्षिण जाणारा एक रस्ता चटकन नजरेत भरतो. नागपूर आणि बुटीबोरी मागे टाकून तो समुद्रपूर तालुक्यातील जाम चौरस्त्यावर येतो, तेथून हिंगणघाट, वडनेर करीत वर्धा नदी ओलांडतो आणि यवतमाळ जिल्ह्यात शिरतो. जुनी मंडळी त्याला आजही ‘सात नंबरचा हायवे’ म्हणतात. आता त्याचा क्रमांक ४४ आहे. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा हा देशातील सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग. भद्रावतीच्या दर्शनाला निघालेली आपली कुटुंबे जाम येथूनच वरोऱ्याच्या दिशेने वळतात, आणि हिंगणघाटच्या कापसाच्या गाठी, सरकी, सोयाबीन, डाळ हा सारा माल याच रस्त्याने उत्तरेला व दक्षिणेला जातो.

शरद ऋतू सरत आला, की या रस्त्यावर जम्मू-काश्मीरच्या क्रमांकाचे ट्रकही दिसू लागतात. सफरचंदांच्या पेट्या भरून ते दक्षिणेकडे निघालेले असतात. ज्या रस्त्यावर आपल्याकडे उन्हाळ्यात डांबर मऊ पडते, त्याच रस्त्याचे दुसरे टोक पीर पंजाल पर्वतरांगेत बर्फाखाली असते. तेथे १९५६ साली खुला झालेला बनिहालचा जवाहर बोगदा सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे. हिमवृष्टीत तो भाग बंद पडे आणि ट्रकांच्या रांगा दिवसेंदिवस खोळंबत. २०२१ साली त्याच्या बऱ्याच खालून सुमारे साडेआठ किलोमीटर लांबीचा नवा बोगदा सुरू झाला आणि त्रास पुष्कळ कमी झाला. तरीही बनिहाल, रामबन, काझीगुंड ही नावे हिवाळ्यात ट्रकचालकांच्या तोंडी काळजीनेच येतात.

त्या उतारांवर एक विलक्षण गोष्ट घडते. ट्रक उभा असतो, इंजिन बंद असते, हँडब्रेक लावलेला असतो, चालक खाली उतरून चहा घेत असतो, आणि रिकाम्या केबिनचा तो ट्रक आपोआप उताराला लागतो. चाके फिरतही नाहीत. जागच्या जागी आवळलेली चाके बर्फावरून तशीच घसरत जातात. पाहणाऱ्याला वाटते, ब्रेक निकामी झाला. वस्तुतः ब्रेकने आपले काम चोख बजावलेले असते.

हे कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. कारण वर्धा जिल्ह्यात पाणी गोठवणारी थंडी पडत नसली, तरी या अपघाताचे कारण आपल्या आवारातही हजर असते.

ब्रेकचे काम एवढेच, की चाकाला फिरू द्यायचे नाही. आजच्या मालट्रकांत पार्किंग ब्रेक लावला, की मागच्या चाकांजवळच्या डब्यांतील दाबाची हवा निघून जाते आणि आतील दणकट स्प्रिंग ब्रेकला आवळून धरते. हवा गळाली तरी तो सुटत नाही, उलट आवळलेलाच राहतो. योजना उत्तम आहे. मात्र ती बहुधा मागच्याच चाकांवर असते. गिअरमध्ये ठेवलेले इंजिनही सर्वसाधारण ट्रकात मागच्याच चाकांना धरते. पुढची चाके मोकळी असतात. म्हणजे उतारावर उभा असलेला सगळा ट्रक, मालासकट, मागच्या टायरांच्या पकडीवर थांबलेला असतो. एकेक टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम दोन तळव्यांएवढ्या जागेत. चाक थांबवण्याचे काम ब्रेक करतो. ट्रक थांबवण्याचे काम ती दोन तळव्यांची जागा करते.

व्यापाऱ्याला हिशोबाची भाषा लवकर कळते, म्हणून हिशोबच मांडू. मालासह २० टनांचा ट्रक, आणि २० मीटर अंतरात १ मीटर चढणारा रस्ता. डोंगरी भागात असा उतार अगदी सामान्य. या उतारावर ट्रकला खाली ओढणारे बल वजनाच्या विसाव्या भागाएवढे, म्हणजे सुमारे १ टन. आता जमेची बाजू. भरलेल्या ट्रकच्या मागच्या चाकांवर समजा १४ टन भार आहे. कोरड्या डांबरावर रबराची पकड त्या भाराच्या सुमारे सात-दशांश असते, म्हणजे जवळजवळ १० टन. ओढ १ टनाची आणि पकड १० टनांची. चिंतेचे कारण नाही. तोच ट्रक बर्फावर उभा केला, की पकड भाराच्या एक-दशांशावर येते, म्हणजे १.४ टन. अजूनही तो थांबेल, पण शिल्लक फारच थोडी उरली. बर्फ वितळू लागून त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा आला, तर पकड आणखी निम्मी होते. १.४ टनांचे ०.७ टन झाले आणि ओढ मात्र १ टनच राहिली. ट्रक निघाला!

रात्रभर जागेवर राहिलेला ट्रक सकाळी ऊन पडल्यावर का घसरतो, याचे उत्तर याच आकड्यांत आहे. कडक थंडीतला बर्फ त्या मानाने कमी निसरडा असतो. वितळण्याच्या बेतात आलेला बर्फ सर्वांत फसवा. लांबून आलेल्या ट्रकचे टायर गरम असतात, तेही आपल्या खालचा बर्फ थोडा वितळवतात. अशा वेळी केबिनमध्ये कोणी चढले, मागून पेटी ओढली किंवा वाऱ्याचा झोत आला, तरी तेवढे निमित्त पुरते. एकदा घसरण सुरू झाली, की पकड आणखी घटते. म्हणून खालची जमीन बदलेपर्यंत तो थांबत नाही. मागची चाके आवळलेली आणि पुढची मोकळी असल्याने तो सरळ न जाता आडवा फिरतो.

याच हिशोबातून एक गैरसमजही दूर होतो. ‘गाडीत वजन भरपूर आहे, ती कशाला हलते?’ असे आपण गोदामात अनेकदा ऐकतो. वजन वाढले की पकड वाढते हे खरे, पण खाली ओढणारे बलही त्याच प्रमाणात वाढते. जास्त माल भरून सुरक्षितता विकत घेता येत नाही. दुसरीकडे, रिकामा ट्रकही बेभरवशाचा. माल उतरला, की मागच्या चाकांवरचा वाटा घटतो आणि पुढच्या मोकळ्या चाकांवरचा वाढतो. १० टनांच्या रिकाम्या ट्रकच्या मागच्या चाकांवर ४.५ टन भार राहिला, तर त्याच बर्फावर पकड उरते ०.४५ टन आणि ओढ असते ०.५ टन. भरलेला असताना थांबलेला ट्रक रिकामा होता होता सुटतो, तो असा. माल उतरवताना मागे माणसे उभी असतात, हे येथे लक्षात ठेवावे.

आता या महामार्गाच्या आपल्या टोकाकडे परत येऊ. वर्धा जिल्ह्याच्या दक्षिण आणि पूर्व भागात, हिंगणघाट-समुद्रपूरच्या सपाटीवर, काळ्या कापसाच्या मातीचे राज्य आहे. बेसाल्टचा खडक झिजून झालेली ही माती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आटून हातभर भेगा पाडते. कपाशीला तिने वैभव दिले. चाकाला मात्र ती पावसाळ्यात दगा देते. पहिल्या सरीनंतर खाली माती कठीणच असते, फक्त वर बोटभर चिखलाचा गुळगुळीत लेप तयार होतो. खाली कठीण आणि वर ओला पातळ थर, ही रचना ऊन लागलेल्या बर्फासारखीच आहे. शेतकरी पहिल्या पावसानंतर बैलगाडी उतारावर नेताना का जपतो, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. पुढे पाऊस मुरला, की धोका बदलतो. तेव्हा माती घसरवत नाही, गिळते. रस्त्याच्या कडेला डावी चाके मातीत आणि उजवी डांबरावर ठेवून उभा केलेला ट्रक एका बाजूने खचतो आणि नालीकडे कलंडतो. महामार्गाच्या कडेला पलटी झालेले ट्रक आपण पावसाळ्यात पाहतो, त्यांतील काही चालता चालता नव्हे, तर उभ्या उभ्याच आडवे झालेले असतात.

जिल्ह्याचा उत्तर भाग वेगळा आहे. कारंजा (घाडगे), आष्टी, आर्वी या तालुक्यांत सातपुड्याचे फाटे उतरलेले आहेत. नागपूरहून अमरावतीकडे जाणारा महामार्ग कारंजा मागे टाकून तळेगाव (श्यामजीपंत) कडे येतो, तेव्हा सत्याग्रही घाट लागतो. दोन्ही बाजूंना सागाचे रान, पावसाळ्यात धुके आणि वळणांवरून हळू जाणारी जड वाहने. विदर्भाच्या सपाटीला सरावलेल्या प्रवाशाला हा टप्पा फार सुखावतो. परंतु घाटात नादुरुस्त होऊन थांबलेला ट्रक सुखावणारा नसतो. कडेचा मुरूम पावसाने वाहून डांबरावर येतो आणि त्याचे बारीक खडे टायरखाली गोट्यांसारखे फिरतात. अशा ठिकाणी क्लीनर सर्वांत आधी दगड घेऊन उतरतो आणि उताराच्या बाजूने मागच्या चाकाला लावतो. ही जुनी रीत शास्त्राला पूर्णपणे धरून आहे. पकडीचा जो भाग कमी पडला, तो दगडाने भरून काढला.

मात्र तो दगड नंतर उचलणे हे त्या रीतीचे दुसरे अर्धे अंग आहे, आणि तेच बहुधा विसरले जाते. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, दगड रस्त्यातच राहतो. रात्री मागून दुचाकीवर येणाऱ्याला तो दिसत नाही. आपला जीव वाचवणाऱ्या वस्तूने दुसऱ्याचा जीव घेऊ नये, एवढी काळजी चालकाने घ्यावी आणि मालकाने ती त्याला आवर्जून सांगावी.

घाटापेक्षाही जवळची जागा म्हणजे आपले स्वतःचे आवार. जिनिंग-प्रेसिंग, दालमिल, तेलघाणी, गोदाम यांपैकी काही ना काही आपल्यापैकी अनेकांकडे आहे. तेथे वजनकाट्यावर चढण्यासाठी सिमेंटचा उतार असतो. गोदामाचे जोते उंच असेल, तर दारापाशीही उतार असतो. तो अनेकदा घाटाच्या रस्त्यापेक्षा तीव्र असतो, पण लांबी थोडी म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यावर सरकी सांडते, सोयाबीनचे दाणे पडतात, तेलाचे डाग असतात. सोयाबीनचे गोल दाणे गुळगुळीत सिमेंटवर चाकाखाली आले, की त्यांचे काम बर्फाच्या पाण्याहून निराळे नसते. १७० किलोची एक अशा शंभर गाठी भरलेला ट्रक अशा जागी उभा असतो आणि त्याच्या मागे, ट्रक आणि भिंत यांच्या मधल्या अरुंद जागेत, आपले हमाल बंधू काम करीत असतात. ट्रक चार हात जरी मागे आला, तरी काय होईल हे लिहिण्याची आवश्यकता नाही.

उपाय खर्चिक नाहीत. उतारावर ट्रक उभा करायचाच नाही, हा पहिला. नाइलाज असेल, तर चढाकडे तोंड असताना पहिला गिअर आणि उताराकडे तोंड असताना रिव्हर्स गिअर टाकून, हँडब्रेक लावून, पुढची चाके रस्त्याच्या बाहेरच्या बाजूला किंवा डोंगराकडे वळवावीत. ब्रेक असलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. प्रत्येक गोदामात असे चार ठोकळे दोरी बांधून ठेवले, तर दगड शोधावा लागत नाही आणि ते मागे विसरूनही राहत नाहीत. बर्फावर ठोकळाही घसरतो, म्हणून तेथे चाकांना साखळ्या बांधतात आणि वाळू किंवा राख पसरतात. आपल्याकडे ओल्या मातीवर कोरडा मुरूम किंवा जुना बारदाना तेच काम करतो. मात्र तो ट्रक उभा करण्यापूर्वी टाकावा. उतारावरचे दाणे आणि तेल रोज झाडून, पुसून काढावे. गुळगुळीत सिमेंटवर आडव्या खाचा पाडून घ्याव्यात. ट्रकच्या मागे माणूस उभा राहण्यापूर्वी ठोकळे लागले आहेत की नाहीत, हे पाहण्याचे काम एकाच ठरावीक माणसाकडे सोपवावे.

आणखी एक गोष्ट मालकाच्या हाती आहे, ती म्हणजे घाई न करणे. हॉल्टिंगचे पैसे वाचावेत म्हणून भर पावसात, अंधारात, चिखलाच्या उतारावर गाडी लावायला सांगणारा बहुधा चालक नसतो. बिल्टीवर मालाची किंमत लिहिलेली असते, विम्यात ट्रकचीही भरपाई मिळते. ट्रकच्या मागे उभ्या असलेल्या माणसाची नोंद कोणत्याच कागदावर नसते.

रोहिण्या बरसून मृग तोंडावर आला, की आपण गोदामाची छपरे तपासतो, ताडपत्र्या उन्हात पसरून त्यांची भोके बुजवतो. त्याच दिवशी एक बादली पाणी वजनकाट्याच्या उतारावर ओतून त्यावरून एकदा स्वतः चालून पाहावे. जेथे आपला पाय घसरतो, तेथे ट्रकचे चाकही घसरेल.