मावशींची मापाची वही

साताऱ्याच्या मंगळवार पेठेत, एका जुन्या घराच्या पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवणाऱ्या मावशींचं माझ्यावर ऋण आहे. ते माझ्या सर्जनच्या ऋणाहून तसूभरही कमी नाही, असं मी म्हणते तेव्हा ऐकणाऱ्यांना वाटतं, ही भावनेच्या भरात बोलते आहे. पण सर्जननी त्यांचं काम एका सकाळी पुरं केलं आणि उत्तम केलं. त्यानंतर जे सुरू झालं ते वर्षानुवर्षं चालणारं होतं. त्यात मला धरून ठेवलं ते मावशींनी.

मी शाळेत गणित शिकवायचे. चाळिशीत मधुमेह लागला, मग थायरॉईडची गोळी आली, मग इन्सुलिन, मग गुडघे. वजन ११८ किलोवर गेलं तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी सुचवली. या शस्त्रक्रियेत जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात. उरते ती एक अरुंद नळी. जो भाग जातो त्यातच भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक सर्वांत जास्त तयार होतं. त्यामुळे खाण्याची जागा कमी होते आणि सुरुवातीच्या काळात खाण्याची ओढही मंदावते. शस्त्रक्रियेआधी काही दिवस नुसत्या पातळ आहारावर ठेवतात, ते जठरावर झाकण धरून बसलेलं यकृत आक्रसावं म्हणून. नंतर पुन्हा कढण, ताक, प्रथिनांची पावडर. मग घोटलेलं, मग मऊ, आणि शेवटी आपलं नेहमीचं अन्न, चार-पाच घास. आधी प्रथिनं, मग भाजी, जागा राहिली तर भाकरी. जेवताना पाणी नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे जन्मभराचं.

हे सगळं मी पाळलं. घरच्यांनी पाळू दिलं, हे त्याहून मोठं. ज्या घरात पाहुण्याला दोनदा आग्रह केल्याशिवाय ताट उचलू देत नाहीत, त्या घरात सासूबाईंनी माझ्यासाठी वेगळी छोटी वाटी काढली आणि सगळ्यांना बजावलं, "तिला वाढायचं नाही, ती मागेल तेवढंच."

पहिल्या दोन आठवड्यांत वजन भराभर उतरलं आणि तिसऱ्या आठवड्यात जागच्या जागी थांबलं. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ मुलीनं हसून सांगितलं की हे बहुतेकांचं होतं. शरीर आधी यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन वापरतं, आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर जवळजवळ तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. सुरुवातीची ती घट मोठ्या प्रमाणात या पाण्याची असते. पाण्याचा तोल सावरेपर्यंत काटा थांबतो. माझाही पुढे हलला. पण इतरांचा पळत होता तसा कधीच पळाला नाही. महिन्याला दोन किलो, मग एक, मग कित्येक आठवडे काहीच नाही.

हळू उतरणाऱ्या वजनाचं दुःख सांगायला अवघड असतं, कारण वरवर पाहता तक्रारीला जागा नसते. वजन कमी होतंय ना? मग झालं तर. पण एवढी मोठी शस्त्रक्रिया केलेल्या बाईकडे गाव वेगळ्या नजरेनं बघतं. लग्नात, मुंजीत, हळदीकुंकवाला माझ्या कमरेवरून नजर फिरायची आणि मग कुणीतरी सांगायचं की त्यांच्या भाचीनं हेच ऑपरेशन केलं, सहा महिन्यांत चाळीस किलो गेले, ओळखू येत नाही आता. पुढचा प्रश्न न विचारता माझ्यापर्यंत पोचायचा. ही लपूनछपून खाते की काय? मी चार घास खात होते. पहाटे टेकडीवरच्या 'चार भिंती' या स्मारकापर्यंत चढून जात होते. डोक्यावरचे केस मुठीमुठीनं गळत होते. शस्त्रक्रियेनंतर तीन-चार महिन्यांनी ते अनेकांचे गळतात आणि पुढे येतातही, पण त्या दिवसांत तेवढा धीर कुणाला असतो?

आहारतज्ज्ञ मुलीनं कारणं नीट समजावली, तिचंही माझ्यावर ऋण आहे. ज्यांना मधुमेह जुना आहे, ज्यांना इन्सुलिन घ्यावं लागतं, त्यांचं वजन इतरांहून कमी उतरतं, हे जगभर दिसलेलं आहे. वयही आड येतं. शिवाय अन्न तुटलं की शरीर ऊर्जेचा खर्च आखडतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून बारकाईनं नोंदी केल्या. ते स्वेच्छेनं आलेले होते. वजनाबरोबर त्यांच्या शरीराचा विसाव्याच्या वेळचा खर्चही खूप खाली आला. ती म्हणाली, "मॅडम, तुमचं शरीर आळशी नाही. त्याला वाटतंय दुष्काळ पडलाय, आणि ते तुम्हाला वाचवतंय." स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासाचे आकडेही तिनं दाखवले. तिथे लठ्ठपणाच्या शस्त्रक्रिया झालेल्या दोन हजारांवर लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. दोन वर्षांनी सरासरी घट २३ टक्के होती, दहा वर्षांनी १७, वीस वर्षांनी १८. म्हणजे थोडं परत येणं हेही त्या वाटेवरचंच. आणि शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा त्या गटात मृत्यू कमी झाले होते.

मला आकडे कळतात. तरीही सकाळी काट्यावर उभं राहिल्यावर ते आकडे मदतीला येत नसत.

अशा एका रिकाम्या गेलेल्या महिन्यात मी ब्लाऊज घेऊन मावशींकडे गेले. खांदे उतरायला लागले होते, साडीतून दिसायचं. मावशी माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या. त्यांच्या दोन्ही मुलांना मी शिकवलं म्हणून मला 'बाई' म्हणतात. त्यांच्याकडे एक लांबट हिशेबाची वही आहे. तीत प्रत्येक गिऱ्हाइकाला पान, आणि मापं टिपलेली: उंची, छाती, कंबर, मुंढा, दंड, बाही, गळा. तारीख त्या लिहीत नाहीत. 'गौरीच्या आधी', 'संक्रांत', 'धाकटीचं लग्न', असं लिहितात. माझं पान वीस वर्षांचं होतं, एक भरलं म्हणून दुसरं चिकटवलेलं.

"उभ्या ऱ्हावा सरळ," म्हणाल्या आणि टेप टाकली. आकडे स्वतःशीच पुटपुटत लिहीत गेल्या. मग चष्म्यावरून वहीकडे बघून, अगदी सहज, "दंड दीड इंचानं उतरलाय की. कंबर दोन." मी विचारलं, कधीपासून? त्यांनी वर बोट ठेवलं. दसऱ्याला मी त्यांच्याकडे आले होते. दसऱ्यापासून माझा काटा जेमतेम किलोभर हलला होता.

याचं शास्त्र पुढे मला कळलं. मी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन हातांचे व्यायाम करत होते, प्रथिनं मोजून खात होते. चरबी जात होती, स्नायू बऱ्यापैकी राखले जात होते. शरीरातलं पाणीही कमीजास्त होतं, आणि काट्याला या तिन्हींतला फरक कळत नाही. पण त्या दुपारी मला शास्त्र नको होतं. माझ्या वजनाशी काहीही देणंघेणं नसलेल्या एका माणसानं, मला बरं वाटावं म्हणून नव्हे, तर मुंढा नीट बसावा म्हणून घेतलेलं ते माप होतं. म्हणून माझा त्यावर विश्वास बसला. मी तिथे त्यांच्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसून रडले. मावशींनी काही विचारलं नाही. पाणी आणून दिलं, आणि ते मी घोटघोट पिते हे लक्षात ठेवून पुढच्या वेळेपासून लहान फुलपात्र द्यायला लागल्या.

मी म्हटलं, जास्तीचं कापड कापूनच टाका आता. त्यांनी मान हलवली. "कापत न्हाई. माया आत ठेवते. अजून उतरलं तर परत दाबू, भरलं तर उसवू. अंग काय एका मापावर ऱ्हातंय व्हय?"

हे वाक्य मला तोवर कुणीच म्हटलं नव्हतं. डॉक्टर म्हणत, पुन्हा वाढू देऊ नका. नातेवाईक म्हणत, आता परत पहिल्यासारखी होऊ नकोस. सगळ्यांच्या बोलण्यात एक धाक होता आणि तो मी रात्रंदिवस अंगावर वागवत होते. मावशींच्या शिवणीत वाढण्याला आणि उतरण्याला सारखीच जागा होती. तिसऱ्या वर्षी घरात आजारपण आलं. माझं चालणं सुटलं, रुग्णालयाच्या बाकांवर बसून वेळीअवेळी खाणं झालं आणि सहा किलो परत आले. त्या वेळी मी लोकांत जाणं टाळलं, मैत्रिणींचे फोन घेतले नाहीत. मावशींकडे मात्र गेले. त्यांनी बाजूची शिवण उसवली, लोखंडी इस्त्री फिरवून जुना दाब मोडला, नवी टीप मारली आणि वहीत लिहिलं, 'आजारपण'. तेवढंच. मी आहारतज्ज्ञांकडे परत जाऊ शकले, ते मावशींच्या टेबलाशी लाज वाटली नाही म्हणून. त्यातले चार किलो पुढच्या वर्षभरात गेले.

दंडाची कातडी सैल पडून लोंबायला लागली, तेव्हा मी काही न बोलता त्यांनी बाह्या कोपरापर्यंत लांब केल्या. विचारलं तर म्हणाल्या, "हल्ली हीच फ्याशन हाय." आत घेण्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत.

आज माझं वजन ९३-९४ च्या आसपास असतं. इन्सुलिन बंद आहे, साखरेची एक गोळी आहे. चार भिंती चढते. भाचीचे चाळीस किलो सांगणाऱ्यांना मी अजून ओळखीची वाटते, आणि मला त्याचं आता काही वाटत नाही.

गेल्या दिवाळीनंतर मावशींच्या पायाची जखम भरेना. तपासलं तर साखर तीनशेच्या वर. घरात कुणाचा विश्वास बसेना, कारण मावशी अगदी सडपातळ. त्यांच्या मुलाला मी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं 'लॅन्सेट'मधलं ते प्रसिद्ध छायाचित्र दाखवलं. २००४ मध्ये छापलेल्या त्या चित्रात ते आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडची बारीक दिसणारी माणसं आतून कशी असू शकतात, ते त्या एका चित्रात आहे. मुलगा माझा विद्यार्थी, त्याला टक्केवारी लगेच कळली.

आता दर तीन महिन्यांनी मावशींना तपासणीला मी नेते. डॉक्टरांपुढे त्या गप्प राहतात, बोलायचं काम माझं. पहिल्या वेळी डॉक्टरांनी जरा जोरात विचारलं, गोळ्या नियमित का घेत नाही, तेव्हा मावशींनी मान खाली घातली. मी म्हटलं, त्या घेताहेत, थोडा वेळ लागेल. जखम भरली आहे. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी राहिली आहे. त्यांचं काम सगळं डोळ्यांवर, म्हणून ती मी पुढच्या सोमवारची ठरवली आहे. परत येताना त्यांना अस्तराचं कापड घ्यायचंय.